चर्चमधला इंग्रजीचा वर्ग आणि घरातली कुरबुर

नमस्कार,

मी मूळची कराडची, वय ६१. मुलाने ग्रीन कार्ड केलं म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं एडिसनला आलो. हे एसटीत कंडक्टर होते, मी घरी शिवणक्लास चालवायची. शिक्षण मराठी दहावी. इंग्रजी अक्षरं वाचता येतात, पण बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही. जवळच्या चर्चमध्ये मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी फुकट इंग्रजी शिकवतात, असं लायब्ररीत कळलं. चालत जाण्याजोगं आहे, म्हणून जानेवारीत जायला लागले. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, निवृत्त, प्रेमळ आहेत, पण भराभर बोलतात. वर्ग सुरू करताना त्या डोळे मिटून मिनिटभर प्रार्थना करतात. हे कळल्यापासून यांनी घर डोक्यावर घेतलंय. 'आज इंग्रजी, उद्या बाप्तिस्मा' म्हणतात. 'ओक ट्री रोडवर (इथला भारतीय दुकानांचा रस्ता) सगळं हिंदीत मिळतं, तुला इंग्रजी कशाला' असंही ऐकवतात. मुलगा म्हणतो, यूट्यूबवर शीक. दोन वर्षांच्या नातवाला यांच्याकडे ठेवून जावं लागतं, त्यावरून कटकट वेगळीच. त्यात गेल्या महिन्यात वर्गात उभं राहून स्वतःबद्दल सांगायचं होतं. मी अडखळले आणि शेजारचा इक्वेडोरचा तरुण पोरगा हसला. तेव्हापासून गेले नाही. या वयात हा अट्टहास सोडून द्यावा का? आणि चर्चमध्ये जाण्यात खरंच काही वावगं आहे का?

— एक आजी, एडिसन, न्यू जर्सी

ताई,

वर्ग सोडू नका. येत्या मंगळवारी जा. का ते सांगते, आणि यजमानांच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण ती शंका खुळी नाही. मिशनऱ्यांकडचं शिक्षण आणि धर्मांतर हा विषय महाराष्ट्राने फार जवळून पाहिलाय. आपल्या आजी-पणजीच्या पिढीने त्यापायी घरं दुभंगलेली पाहिली आहेत. ती भीती पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली, तर नवल नाही.

पण त्याच इतिहासातली एक गोष्ट तुम्ही आज राहता त्या न्यू जर्सीशी बांधलेली आहे. ती यजमानांना जरूर सांगा. गोपाळराव जोशी कोल्हापुरात असताना त्यांनी आनंदीबाईंच्या अमेरिकेतल्या शिक्षणासाठी मदत मागणारं पत्र वाइल्डर नावाच्या एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलं. हे वाइल्डर पूर्वी कोल्हापुरात काम करून गेलेले, आणि तेव्हा न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनहून एक मासिक चालवत होते. त्यांनी आधी ख्रिस्ती व्हायचा सल्ला दिला. जोशी दांपत्याने तो मानला नाही. तो पत्रव्यवहार मासिकात छापून आला, आणि १८८० साली रोझेल गावातल्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या गृहिणीच्या वाचण्यात आला. तिने सरळ आनंदीबाईंना पत्र घातलं. बाई ख्रिश्चनच, पण धर्माची अट घातली नाही. १८८३ साली आनंदीबाई बोटीतून उतरल्या त्या तिच्याच घरी राहायला गेल्या, आपलं खाणंपिणं सांभाळून. निघण्याआधी बंगालमधल्या सेरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भर सभेत सांगितलं होतं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तसंच झालं. रोझेल तुमच्या एडिसनपासून फार लांब नाही.

त्याच १८८३ साली त्यांच्या नात्यातल्या पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. आणि १८८६ साली फिलाडेल्फियात आनंदीबाईंना डॉक्टरकीची पदवी मिळाली, तेव्हा त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. दोघी ख्रिस्ती माणसांमध्ये राहिल्या, त्यांच्याकडे शिकल्या. एकीने धर्म बदलला, दुसरीने नाही, आणि दोघींनीही ते पूर्ण विचार करून ठरवलं. बाप्तिस्मा कुणाला नकळत होत नाही, ताई. इंग्रजीची क्रियापदं घोकता घोकता तर नाहीच नाही.

आता तुमच्या वर्गाबद्दल. अमेरिकेत प्रौढांना फुकट इंग्रजी शिकवणारे वर्ग चर्चमध्येच इतके का भरतात, हे समजलं की निम्मी धास्ती जाईल. त्यांच्याकडे रविवारखेरीज रिकामे राहणारे हॉल आहेत, गाड्या लावायला जागा आहे, आणि निवृत्त माणसांचा एक गट आहे ज्यांना आठवड्यातले काही तास कुणासाठी तरी द्यायचे असतात. ही परंपराही जुनी आहे. फ्रँक लॉबाक नावाच्या मिशनऱ्याने १९३० साली फिलिपिन्समध्ये साक्षरतेचं काम सुरू केलं, तेही मुसलमान मारानाव लोकांमध्ये. पैसा आटला तेव्हा शिकलेल्या प्रत्येकाने आणखी एकाला शिकवायचं, ही पद्धत तिथे रुजली. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज शहरात रूथ कॉल्विन या गृहिणीने १९६२ साली चर्चमधल्या बायकांच्या मदतीने स्वयंसेवकांची शिकवणी उभी केली. ती देशभर पसरली. त्या बाई १०७ वर्षं जगल्या, २०२४ साली गेल्या. लॉबाक आणि कॉल्विन यांच्या संस्था २००२ साली एक झाल्या. तुमच्या त्या सत्तरीच्या बाई याच वाटेवरच्या आहेत. त्यांना या कामाचा पगार नाही, फळ्यासमोर उभं राहायची सक्ती नाही, तरी थंडीत गाडी काढून येतात. त्यांच्याकडे संशयाने पाहू नका, पण स्वतःची बाजू सांगायलाही कचरू नका.

काही चर्च फक्त जागा देतात, वर्गात धर्माचा विषयही निघत नाही. काही ठिकाणी सुरुवातीला छोटी प्रार्थना असते. काही ठिकाणी मात्र बायबलच वाचनाचं पुस्तक म्हणून वापरतात. तुमचा वर्ग दुसऱ्या प्रकारचा दिसतो. तुम्ही बाईंना एकदा बाजूला घेऊन सांगा: 'आय ॲम हिंदू. आय विल सिट क्वाएटली ड्युरिंग द प्रेयर.' एवढं पुरे. मी न्यू जर्सीतच अशा वर्गांत शिकवायला जाते. हे वाक्य ऐकून कुणी नाराज झालेलं मी पाहिलेलं नाही. उलट पुढच्या वेळी बाईच विचारतील की तुमचे सण कोणते. रविवारच्या प्रार्थनेचं आमंत्रण आलं आणि जायचं नसेल, तर 'नो, थँक यू' म्हणा. आपल्याकडे आग्रहाला नाही म्हणताना चार सबबी सांगाव्या लागतात. इथे सबब लागत नाही. पण एक रेघ आखून ठेवा. रविवारी आलात तरच वर्गात बसता येईल, किंवा कसल्या तरी कागदावर सही करा, असं कुणी म्हणालं तर तो वर्ग सोडा आणि दुसरा शोधा. लायब्ररीत असे वर्ग भरतात, सरकारी अनुदानावर चालणारेही असतात. तिथे आधी छोटी परीक्षा घेऊन पातळी ठरवतात, आणि कधी कधी नाव लावून वाट पाहावी लागते. जिथे तुम्हाला चर्चच्या वर्गाचा पत्ता मिळाला, त्या लायब्ररीतच या वर्गांचाही मिळेल.

आता त्या हसण्याबद्दल. ते तुम्हाला फार लागलंय, पत्रातून दिसतंय. पण तुम्ही इतक्या मुलींना शिवण शिकवलंत. पहिल्याच दिवशी कुणाच्या हातात ब्लाऊजचं कापड दिलं होतंत का? आधी जुन्या चिंधीवर सरळ टीप मारायला लावलं असेल, आणि ती वाकडी आली म्हणून कुणाला घरी धाडलं नसेल. मग स्वतःच्या पहिल्या टिपेवर एवढा राग का? चार अनोळखी माणसांसमोर परक्या भाषेत स्वतःविषयी बोलणं हे पूर्ण ब्लाऊज बेतण्याचं काम होतं. ते बाईंनी तुमच्याकडून जरा लवकर मागितलं, इतकंच.

यात अशा वर्गांचा एक खरा दोष आहे आणि तो तुम्हाला माहीत असावा. शिकवणारे मनापासून शिकवतात, पण बहुतेकांनी शिकवण्याचं शिक्षण घेतलेलं नसतं. एकाच खोलीत कालच आलेला आणि दहा वर्षं इथे काम करणारा असे दोघं शेजारी बसतात. तो इक्वेडोरचा मुलगा दिवसभर कामावर इंग्रजी ऐकत असेल, आणि स्पॅनिश व इंग्रजीत मिळतेजुळते शब्दही ढीगभर आहेत. तुमची त्याची तुलना होऊच शकत नाही. शिवाय तो तुम्हाला हसला की सुटकेने हसला, हेही सांगता येत नाही. असे वर्ग मी आतून पाहिलेत. दुसरा अडखळला की 'चला, मी एकटा नाही' असं वाटून ओठांवर हसू येतं, ते पुष्कळदा कुत्सित नसतं. पुढच्या वेळी त्याच्याशी स्वतःहून बोला. त्याला विचारा, 'हाऊ इज युअर मदर?' तो आईपासून लांब असेल, तर तुमचा हा प्रश्न त्याला फार हवासा वाटेल. फक्त एक जपा. कुणाला 'कधी आलात, व्हिसा कुठला, कागद झाले का' असं विचारू नका. आपल्याकडे या साध्या चौकश्या असतात. इथल्या वर्गात त्या प्रश्नाने एखाद्याची झोप उडू शकते.

बाई भराभर बोलतात, त्यावर उपाय आहे. दोन वाक्यं पाठ करा: 'प्लीज स्पीक स्लोली' आणि 'कॅन यू से दॅट अगेन?' ही वाक्यं वर्गात आणि दुकानात, बँकेत, डॉक्टरकडे, सगळीकडे चालतात. मी शिकवते तिथे ज्या बाया हे पहिल्या आठवड्यात बोलायला लागतात, त्याच पुढे टिकतात.

आणखी एक, जे तुमच्या बाईंना ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही शून्यापासून सुरुवात करत नाही आहात. बॉबिन, कॉलर, हुक, मशीन, ब्लाऊज, टेप हे शब्द तुमच्या तोंडात आयुष्यभर आहेत. यजमानांच्या एसटीत स्टँड, तिकीट, कंडक्टर, रिझर्व्हेशन. असे शेकडो शब्द मराठी बाईकडे आधीच असतात, फक्त इथला उच्चार थोडा वेगळा पडतो. डेपोला इथे 'डीपो' म्हणतात. एक वही करा आणि असे शब्द इथल्या उच्चारासकट देवनागरीत लिहून ठेवा. काही शिक्षक म्हणतात, आपल्या लिपीत लिहू नका. मला हे पटत नाही. कानाला जसं ऐकू येतं तसं लिहायला देवनागरी उत्तम आहे, निदान सुरुवातीला तरी. एका ठिकाणी ती साथ देत नाही. इंग्रजीत 'व' दोन आहेत, आणि आपण दोन्ही एकाच अक्षरात लिहितो. 'व्ही'चा उच्चार करताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात. 'डब्ल्यू'चा करताना ओठ गोल होतात, दात कुठेच लागत नाहीत. वहीत दोन रंग वापरा. आरशासमोर आठवडाभर म्हटलंत तर जमून जाईल.

मुख्य म्हणजे वर्गाला तुमच्या गरजेने वळवा. बाई जे शिकवतील ते शिकाच, पण आठवड्याला तुमचं एक काम घेऊन जा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं असेल तर सांगा, मला हे बोलायचंय, माझ्याकडून म्हणून घ्या. नातवाच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन जा. ९११ ला फोन केला तर पत्ता कसा सांगायचा, हे बाईंना तिथे फोन घेणाऱ्या माणसाचं सोंग घ्यायला लावून करून पाहा. शिकवणाऱ्याला अशी मागणी फार आवडते. पुस्तकातला धडा कुणाच्या उपयोगी पडतोय की नाही, हे त्याला एरवी कधी कळत नाही. मुलाचं यूट्यूब वाईट नाही. घरी भांडी आवरताना लावा. पण ते तुमचं ऐकत नाही, तुमच्यासाठी थांबत नाही आणि तुम्ही आठवडाभर आला नाहीत तर का आला नाहीत म्हणून विचारत नाही.

यजमानांचं ओक ट्री रोडचं म्हणणं अर्धं खरं आहे. भाजी, साड्या, सोनं, सगळं तिथे हिंदी-गुजरातीत मिळतं. पण त्या रस्त्यावर हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग नाही. तिथे तुमच्यासाठी कोण बोलणार? मुलगा ऑफिसात असला तर? एक हक्क लक्षात ठेवा. इथे केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलांना इंग्रजी न येणाऱ्या रुग्णासाठी फुकट दुभाषी द्यावा लागतो, तो बहुतेक फोनवर किंवा पडद्यावर असतो. 'आय नीड अ मराठी इंटरप्रिटर' असं स्पष्ट म्हणा, मराठी हा शब्द जोर देऊन. नाहीतर चेहरा पाहून हिंदीचा माणूस जोडून देतात, आणि पोटात नेमकं कुठे, कसं दुखतंय हे सांगताना तुमची हिंदी अपुरी पडेल. हा हक्क मागण्यापुरतं इंग्रजी तरी स्वतःचं हवं.

नागरिकत्वाचंही सांगून ठेवते, कारण घरात तो विषय दोन वर्षांनी निघणारच. ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाली की अर्ज करता येतो. त्यात इंग्रजीची परीक्षा असते. मुलाखतीत अधिकारी बोलतं करून पाहतो. वाचायला तीनपैकी एक आणि लिहायला तीनपैकी एक वाक्य नीट आलं की झालं. देशाच्या इतिहासाचे आणि कारभाराचे प्रश्न वेगळे असतात. २० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना १२८ प्रश्नांची नवी यादी आहे, त्यातले २० पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. वयामुळे इंग्रजीची माफी मिळते असं कुणीतरी सांगेल. ते खरं आहे, पण पंचावन्न वर्षांवरच्या माणसाला त्यासाठी ग्रीन कार्डावर १५ वर्षं झालेली असावी लागतात. तुमची तीन झालीत. भारताचं नागरिकत्व सोडायचं की नाही, हा तुमचा निर्णय, मी त्यात पडत नाही. पण इंग्रजी येत नाही म्हणून तो आपोआप ठरून जाऊ नये.

आता घराकडे येते. तुमच्या पत्रात खरी गाठ मला इथे दिसते. प्रार्थना मिनिटभराची आहे. पण मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी यजमान दोन वर्षांच्या पोराबरोबर एकटे असतात. ज्या माणसाने जन्मभर गाडीभर लोकांशी बोलत दिवस काढला, तो इथे बंद घरात बसून आहे, आणि बोलायला हक्काचं एकच माणूस, तेही दोन सकाळी बाहेर. रागाला चर्चचं नाव मिळालंय, पण त्यामागे हे एकटेपण असावं असं मला वाटतं. त्यांना एकदा बरोबर न्या. हॉलमध्ये कॉफी असते, बिस्किटं असतात, मागच्या खुर्चीवर कुणीही बसू देतं. बाईंना आधी विचारून नातवालाही न्या. बऱ्याच ठिकाणी वर्गाच्या वेळी मुलांना सांभाळायलाही स्वयंसेवक असतात. स्वतःच्या डोळ्यांनी तो हॉल पाहिला की निम्मं भांडण मिटेल. आणि खरं सांगू का, कंडक्टरकी केलेला माणूस बोलायला शिकण्यात तुमच्याही पुढे जाईल. अनोळखी माणसाशी बोलायची भीडच त्याची मोडलेली असते.

ते नाहीच आले, तर प्रश्न वेळेचा आहे, आणि तो मुलाने आणि सुनेने सोडवायचा आहे. तुमच्या पत्रात सुनेचा उल्लेखही नाही. तिच्याशी बोला. तिनेही या देशात येऊन कधीतरी पहिल्यांदा तोंड उघडलं असेल, तिला हे तुमच्या मुलापेक्षा लवकर समजेल. दोघांना एकत्र बसवून सांगा की आठवड्यातल्या या दोन सकाळी माझ्या आहेत, नातवाची सोय तुम्ही करा. विनंतीच्या सुरात नको, ठरवल्यासारखं सांगा. तुम्ही नातवाला प्रेमाने सांभाळता. पण त्या दोघांची नोकरी चालते ती तुमच्या सांभाळण्यावर. त्यांनी आठवड्यातल्या दोन सकाळी तुम्हाला मोकळं केलं, तर ते उपकार नाहीत.

मंगळवारी गेल्यावर इतके दिवस का आला नाहीत याचं स्पष्टीकरण देत बसू नका. 'आय ॲम बॅक' म्हणा आणि आपल्या जागेवर बसा. बर्फ पडला तर शाळा बंद असेल त्या दिवशी वर्गही बहुधा बंद असतो, तेवढं निघण्यापूर्वी फोन करून विचारा. तो फोनही तुम्हीच करा. हे वर्ग बहुतेक मे अखेर थांबतात आणि सप्टेंबरात पुन्हा सुरू होतात. शेवटच्या तासाला पुढच्या वर्षासाठी नाव लिहून या. यजमान एव्हाना सोबत येऊ लागले असतील, तर त्यांचंही.